चाळीस मिनिटं पाठ फिरवून

शहराबाहेरून जो नवा वळणरस्ता गेला आहे, त्याच्या कडेला रविवारी सकाळी एक माणूस गुडघ्यांवर बसलेला दिसतो. पंचावन्नच्या पुढचा, डोक्यावर टोपी, हातात दोरीला बांधलेलं लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधून काढलेलं, बशीएवढं. ते तो कडेच्या सैल खडीवरून सावकाश ओढतो, उलटं करून बघतो, चिकटलेले खिळे, नट, बाटल्यांची बुचं एका डब्यात टाकतो आणि वीतभर पुढे सरकतो. ट्रकवाले हॉर्न मारतात. एकाने तर थांबून विचारलं, "काका, काय हरवलं? अंगठी?"

"अंगठी सोन्याची असते, बाबा. चुंबकाला चिकटत नाही," तो म्हणाला आणि पुन्हा खाली वाकला.

लोक त्याला वेडा म्हणतात. वेड लागलं असतं तर बरं झालं असतं, निदान झोप तरी लागली असती. तो पूर्ण शुद्धीवर आहे आणि आपण काय शोधतोय हे त्याला नखाएवढ्या तुकड्यापर्यंत नेमकं माहीत आहे. ते सांगायचं तर आधी त्याचं काम सांगावं लागेल, कारण या माणसाचं जे वाटोळं झालं ते त्याच्या कामातूनच झालं.

सव्वीस वर्षं तो सरकारी प्रयोगशाळेत होता. घातपाताच्या, अपघाताच्या जागेवरून जे काही उचलून आणतात, राख, कपडे, दगड, त्यात स्फोटकाचा अंश आहे का ते बघणारी प्रयोगशाळा. त्याचं यंत्र अंधाऱ्या खोलीत. दोन्ही हात कामात अडकलेले, म्हणून तो बारकीशी लाल बॅटरी दातांत धरून वावरायचा. दार किलकिलं करून आत डोकावलं की काळोखात एक लाल ठिपका इकडून तिकडे फिरताना दिसे. त्यावरून त्याचं नाव पडलं काजवा. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

यंत्राचं तत्त्व तसं अवघड नाही, काजवा समजावून सांगायला लागला की मात्र अवघड व्हायचं. पदार्थावर एका ठरावीक रंगाचा झोत टाकायचा. बहुतेक प्रकाश आला तसा परत जातो, पण त्यातला अगदी थोडा, कोटीतला एखादा कण, रंग बदलून परततो. किती बदलला हे त्या पदार्थाच्या घडणीवर ठरतं. त्याचा आलेख काढला की पडद्यावर शिखरं उभी राहतात, आणि प्रत्येक पदार्थाची शिखरं आपापल्या ठरलेल्या आकड्यावर. या पद्धतीला रामन म्हणतात. काजव्याचं रामन अतिनील प्रकाशावर चालायचं, डोळ्याला न दिसणाऱ्या. साध्या प्रकाशात मळ, तेल, रंग हेच इतके उजळतात की त्यांच्याखालचं काही दिसत नाही. अतिनीलमध्ये ती कटकट नाही, आणि स्फोटकं तर ठळक उमटतात. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा डाग पुरतो.

मेख एवढीच की ज्या प्रकाशात स्फोटक दिसतं, तोच प्रकाश त्याला खातो. झोत एका जागी टेकवून ठेवला की त्याचे रेणू तुटायला लागतात, शिखर खचत जातं आणि शेवटी पडद्यावर एक धुरकट उंचवटा तेवढा राहतो. म्हणून काजव्याने एका मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर काढून तिच्यावर छोटी चकती बसवली होती. नमुना त्या चकतीवर फिरत राहायचा, म्हणजे झोत कुठल्याच जागी रेंगाळत नसे. "बघायचं ते जाता जाता बघायचं," तो नव्या लोकांना सांगायचा. "टक लावलीत की माल गेला."

हा धडा त्याच्या इतका अंगवळणी पडला होता की घरच्यांना त्याने जीव नको केला होता. खिडक्यांना दुहेरी पडदे. साखर, मीठ, चहा, सगळं औषधाच्या तपकिरी बाटल्यांत. पंधरवड्यातून एकदा तरी चहात मीठ पडायचंच. बायको म्हणायची, "या घरात माणसापेक्षा मिठाला जास्त सावली आहे."

त्याच्या पाठची बहीण, जिला घरात सगळे धाकटीच म्हणत, ती त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिचा नवरा दगडखाणीत सुरुंग लावायच्या कामावर होता. मेहुण्या-मेहुण्यांचं चांगलं जमायचं. "मी आवाज करतो, दादा," सुरुंगवाला म्हणायचा, "तुम्ही बसा मागून वास काढत." काजवा म्हणायचा, "दाजी, तुम्ही नीट आवाज केलात तर मला वास उरणारच नाही." हा विनोद ते दरवेळी करायचे आणि दरवेळी तितकेच हसायचे.

सुरुंगाच्या कामात मोजणीला फार महत्त्व. कड्याला भोकं पाडायची, त्यांत बार भरायचे, भोंगा वाजवून माणसं बाहेर काढायची आणि भिंतीआड उभं राहून उडालेले बार मोठ्याने मोजायचे. जितके भरले तितके ऐकू आले पाहिजेत. एक जरी कमी ऐकू आला तरी त्या दिवशी कड्याजवळ कुणी जायचं नाही, कारण तो राहिलेला बार आत जिवंत असतो. बावीस वर्षं ही मोजणी धाकटीच्या नवऱ्याकडे होती. त्याने आकडा सांगितला की मगच माणसं आत शिरायची.

आणि त्याचा डावा कान चालला होता. बावीस वर्षं बार ऐकून दुसरं काय होणार? खाणीवर त्याने ते लपवलं होतं, नाहीतर त्याला पहारेकरी करून फाटकावर बसवला असता. घरी टीव्ही एवढा मोठा असायचा की शेजारच्यांना बातम्या फुकट मिळत. धाकटीला माहीत होतं, काजव्याला माहीत होतं. कुणी काही बोललं नाही.

एका दुपारी पाच बार भरले. सुरुंगवाल्याने पाच मोजले, हात वर केला. ड्रिलवाला, ज्याच्याबरोबर तो अकरा वर्षं एकाच दगडावर बसून डबा खात होता, यंत्र घेऊन आत गेला आणि नवं भोक पाडायला लागला. दहा मिनिटांत स्फोट झाला. ड्रिलवाला जागच्या जागी गेला. त्याच्या यंत्रातल्या डिझेलने पेट घेतला, ते विझवायला अग्निशमनवाल्यांनी तासभर पाणी मारलं. संध्याकाळी पोलिसांनी सुरुंगवाल्याला घरून नेलं. आरोप सरळ होता. पाचातला एक बार राहिला, याने चार ऐकले आणि पाच सांगितले, ड्रिल त्या राहिलेल्या बारावर बसलं. कान तपासले. डावा जवळपास गेलेला. झालं.

काजवा तुरुंगात भेटायला गेला. मध्ये लोखंडी जाळी.

"दाजी, पक्के पाच?"

"पाच. मोजले मी, दादा. पाचच."

 तेवढ्यात सुरुंगवाल्याने मान वळवून उजवा कान जाळीला लावला आणि विचारलं, "काय म्हणालात?" काजवा काहीच म्हणाला नव्हता. तो तसाच घरी आला. येताना बसमध्येच त्याच्या मनाने निकाल देऊन टाकला होता की दाजी चुकले.

चार दिवसांनी धाकटी आली. दारातूनच तिने चुरगळलेला कागद पुढे केला. "दादा, हा केसचा नंबर. तिथला एक दगड तुझ्याकडे तपासायला येणार आहे, वकील म्हणाले. मी यांनाही सांगितलंय, दादाच्याच हाताखालून जाणार आहे म्हणून." मग म्हणाली, "नीट बघशील ना?"

"बघतो."

"नीट बघ रे. एवढंच."

तिचा हात थरथरत होता. तिचा नवऱ्यावर विश्वास होता आणि ती जे म्हणत होती तेच तिला हवं होतं. काजव्याने मात्र त्या थरथरणाऱ्या हाताचं स्वतःच भाषांतर केलं. त्याला वाटलं, बहीण पदर पसरते आहे.

प्रयोगशाळेत नियम होता. नात्यातल्या माणसाचं प्रकरण आलं तर विभागाच्या प्रमुख मॅडमना सांगायचं आणि नमुना सोडून द्यायचा. शेजाऱ्याची स्कूटर जळाली होती तेव्हा काजव्याने स्वतः तो पाळला होता. या वेळी तो बोलला नाही.

पाकीट आलं. आत अंगठ्याएवढा दगडाचा कपचा, त्याच्या खळग्यात खसखशीच्या दाण्याएवढा पिवळसर डाग. एवढा एकच तुकडा का पाठवला, बाकीच्यांवर काहीच कसं नव्हतं, हे काजव्याला कळायचं कारण नव्हतं. त्याच्याकडे फक्त नंबर यायचा, प्रकरणाचे कागद वरच्या मजल्यावर राहायचे. एरवी रामननंतर नमुना द्रावकाने धुऊन ते द्रावण दुसऱ्या यंत्रात घालत, पण त्या यंत्राचा पंप दोन महिन्यांपासून दुरुस्तीला गेलेला होता. म्हणजे जे काय ते काजव्याच्याच खोलीत होणार होतं.

सकाळचे अकरा वाजले होते. त्याने दाराला आतून कडी घातली, बॅटरी दातांत धरली, कपचा चकतीवर बसवला. हात सवयीने मोटरच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

मी काही घालत नाही, काही काढत नाही, तो स्वतःशी म्हणाला. मी फक्त बघणार आहे. जरा जास्त वेळ. दिसलं तर लिहीन, नाही दिसलं तर नाही दिसलं असं लिहीन. खोटं एक अक्षर नाही.

माणूस स्वतःला फसवायला बसला की किती नीटनेटकं बोलतो! त्याने भिंग मागे सरकवून झोत रुंद केला, म्हणजे खळग्यातला अख्खा डाग त्याच्याखाली येईल. मोटर बंद ठेवली. झोत सुरू केला. आणि मग स्टूल फिरवून तो भिंतीकडे तोंड करून बसला. कारण पडद्यावर शिखर दिसलं असतं तर त्याला ते लिहावं लागलं असतं. इतका प्रामाणिक तो होता.

चाळीस मिनिटं तो भिंतीकडे बघत बसला. मोटरची घरघर नाही, अशी ती खोली त्याने सव्वीस वर्षांत कधी ऐकली नव्हती. एकदा बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, "काजव्या, चहा!" म्हणून. त्याच्या काखेत घाम सुटला होता. आईची आठवण आली. धाकटी लहान असताना आई तिला त्याच्याकडे सोपवून कामाला जायची, ते आठवलं.

वळला तेव्हा पडद्यावर धुरकट उंचवटा होता, दुसरं काही नाही. त्याने लिहिलं, 'स्फोटकाचा अंश आढळला नाही.' खाली सही केली. मॅडमनी त्याच्या सहीवर डोळे मिटून सही केली, सव्वीस वर्षांचा भरवसा होता त्यांचा. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने आपण होऊन पडदे उघडले. बायकोने कपाळाला हात लावून ताप बघितला.

कोर्टात रिपोर्ट वाचला गेला. सरकारी वकिलाला त्याने काडीचाही फरक पडला नाही. तो म्हणाला, खाणीतलं स्फोटक म्हणजे खतासारखे पांढरे दाणे, अमोनियम नायट्रेट. ते पाण्यात विरघळतं. तासभर पाणी मारल्यावर काय सापडणार? तरीही आरोपीचा वकील उमेदीत होता. थोडा का होईना, संशय उभा राहिला होता, लढता आलं असतं.

पुढच्या तारखेला सुरुंगवाला आपण होऊन पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "माझी चूक झाली. मी चारच ऐकले असणार. मला कबूल आहे."

वकिलाने त्याची बाही ओढली. धाकटी बाकावरून उठून उभी राहिली, तिला शिपायाने खाली बसवलं. एवढे दिवस पाच, पाच म्हणून छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाला एकाएकी काय झालं, कुणालाच कळेना. त्यानेही सांगितलं नाही. सात वर्षांची शिक्षा झाली.

काजवा दुसऱ्या दिवशी कामावर गेला. आता कबूलच केलंय, त्याच्या मनात आलं, आता बघायला काय हरकत आहे? यंत्र दर अर्ध्या मिनिटाला आपणहून एक नोंद ठेवतं. चाळीस मिनिटांच्या ऐंशी नोंदी संगणकात तशाच पडून होत्या. त्याने पहिली उघडली.

तेराशे साठच्या आसपास एक शिखर ताठ उभं होतं.

नायट्रेटचं शिखर तिथे नसतंच. ते एक हजार पंचेचाळीसच्या आसपास असतं, आणि तिथे साधी रेघ होती. काजव्याला आकडे वाचायचीही गरज पडली नाही. यंत्र पारखून घ्यायला लागणारे टीएनटीचे ठिपके सव्वीस वर्षं तोच तयार करत होता. ही शिखरं तो घरातल्या माणसाच्या चालीसारखी ओळखायचा. टीएनटी. तोफगोळ्यात भरतात ते. खाणीच्या कोठारात ते कधी आलंच नव्हतं, आणि पाण्यात ते विरघळतही नाही. म्हणून तर तासभर पाणी मारूनही त्या एका खळग्यात ते चिकटून राहिलं होतं.

खाणीच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पन्नास-साठ वर्षांपूर्वी लष्कराची चांदमारी, म्हणजे तोफा डागायचा सराव, चालायची. म्हाताऱ्यांना ते ठाऊक होतं. डोंगरावरून अलीकडे येऊन पडलेला, न फुटलेला एखादा गोळा कड्याच्या मातीत रुतून राहिला असणार आणि ड्रिल त्याच्यावर बसलं. बार पाचच्या पाच उडाले होते. सुरुंगवाल्याने एका कानाने बरोबर मोजले होते.

काजव्याने दुसरी नोंद उघडली. शिखर थोडं बुटकं. दहावी. विसावी. चाळिसावीला अर्ध्याच्या खाली. साठावीला ओळख पटेल न पटेल. ऐंशीवी, तो उंचवटा. मग तो उलटा निघाला. ऐंशीपासून एककडे येताना शिखर पुन्हा वर येत होतं, वाढत होतं, पहिल्या नोंदीला पुन्हा तसंच ताठ. त्याने ते कितीदा केलं कोण जाणे. संध्याकाळी शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा तो खोलीत हुंदके देत होता आणि बोट नोंदी पुढेमागे करायच्या बटणावरच होतं.

तो मॅडमच्या खोलीत गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मोटर, भिंग, भिंत, बहीण. मॅडमनी ऐंशीच्या ऐंशी नोंदी स्वतः बघितल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खरं आहे हे," त्या म्हणाल्या. "मला कळतंय की खरं आहे."

"मग तेवढं कोर्टात सांगा, मॅडम."

"काय सांगू? टीएनटीचे ठिपके आपल्या कपाटात असतात. किल्ली कोणाकडे?"

काजव्याचा हात खिशातल्या किल्लीवर गेला.

"ते बनवतं कोण? यंत्राचं घड्याळ लावतं कोण? आणि आरोपी तुझा कोण लागतो?" त्यांचा आवाज चढला होता, पण रागाने नव्हे. "आधी सांगितलं असतंस तर दुसऱ्याने तपासलं असतं. अर्ध्या तासात सुटला असता रे तो! आता तू काहीही दाखव, कुणीही म्हणेल की मेहुण्यासाठी रचलं."

कपचा पुन्हा चकतीवर चढवला, या वेळी मोटर लावून, मॅडमच्या देखत. उंचवटा. दुसरं यंत्र दुरुस्त होऊन आलं तेव्हा खळगा धुऊन त्यात बघितला. रेणूंचे तुटके तुकडे सापडले खरे, पण ते काजव्याच्याच कपाटातून उडून बसले नाहीत हे कोण सिद्ध करणार? मॅडमनी वर कळवलं. कळवावंच लागलं त्यांना. काजवा निलंबित झाला. वरच्या कोर्टात अर्ज गेला तेव्हा वकील म्हणाला, "तुमच्या शब्दाचा काही उपयोग नाही. बाहेरचं काहीतरी आणा. गोळा होता ना? मग त्याचं लोखंडी कवच होतं. त्याचा एक तुकडा आणा, बाकीचं मी बघतो."

काजवा खाणीवर धावला. कडा जागेवर नव्हता. चौकशी संपल्यावर कंपनीने महिनाभरात तो फोडून, भरडून, खडी करून विकला होता. खडी गेली होती नव्या वळणरस्त्याच्या कडा भरायला.

हे सगळं धाकटीला सांगायला तो स्वतः गेला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"मी तुला नीट बघ म्हटलं होतं, दादा."

"मला वाटलं तू..."

"मी नीट बघ म्हटलं होतं." तिने हातातली घडी पूर्ण केली, चळतीवर ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलत नाही.

उरला होता सुरुंगवाला. त्याला भेटायला जायला काजव्याला तीन आठवडे लागले.  शेवटी एका रविवारी गेला. जाळीपलीकडे दाजी येऊन बसले, निम्मे झाले होते. उजवा कान त्यांनी आधीच जाळीकडे करून ठेवला होता.

"दाजी, पाचच होते."

"काय?"

"पाच. बार पाचही उडाले होते. तुम्ही बरोबर मोजलेत."

"मोठ्याने बोला."

"पाच!" काजवा ओरडला. सगळी खोली त्यांच्याकडे बघायला लागली. शिपाई दोन पावलं पुढे आला.

सुरुंगवाल्याचा चेहरा हलला नाही. फक्त ओठ हलले. काजव्याने मग सगळं सांगितलं, तुकड्या-तुकड्याने, अर्धं ओरडून. चांदमारी, गोळा, शिखर. चाळीस मिनिटं. ते सांगताना त्याने मान खाली घातली होती.

"म्हणजे मी नाही मारलं त्याला," सुरुंगवाला म्हणाला.

"नाही."

"रोज माफी मागतो मी त्याची. झोपताना, उठताना." तो जाळीवर कपाळ टेकवून रडायला लागला, आणि किती तरी वेळ त्याला आवरेना. काजव्यालाही रडू आलं, पण त्याला वाटलं, रडायचा आपला हक्क नाही.

"पण दाजी, तुम्ही कबूल का केलंत?" हा प्रश्न त्याला महिनोन् महिने खात होता. "केस उभी होती. रिपोर्ट तुमच्या बाजूने होता. कशाला म्हणालात चूक झाली?"

सुरुंगवाल्याने बाहीने नाक पुसलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"तुमच्या रिपोर्टमुळेच."

"माझ्या?"

"काहीच सापडलं नाही, असं लिहिलं होतं तुम्ही. मला माहीत होतं की काहीतरी असणारच. पाण्यानेही न गेलेला डाग होता म्हणूनच तर पोलिसांनी तो दगड पाठवला, आणि त्यावर काही नाही? म्हटलं, दादा आयुष्यात कधी खोटं लिहीत नाहीत. आता माझ्यासाठी लिहिलंय. म्हणजे त्यांना दिसलंय. राहिलेला बार दिसलाय त्यांना. तोपर्यंत मला खात्री होती, दादा. पाच म्हणजे पाच. माझ्या कानावर माझा भरवसा होता. पण तुमच्या डोळ्यांवर जास्त होता. मग उभा राहिलो आणि कबूल केलं. म्हटलं, माझ्या पापात त्यांची नोकरी कशाला जायला पाहिजे?"

काजव्याने जाळी दोन्ही हातांनी धरली.  वेळ संपल्याची घंटा झाली, बाकीची माणसं उठली, खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.

"दाजी, मी पुढच्या रविवारी..."

"पुढच्या रविवारी इकडे येऊ नका," सुरुंगवाला उठत म्हणाला. काजव्याला वाटलं, संपलं, हेही दार लागलं. पण तो वळून परत जाळीशी आला. "तिकडे जा. रस्त्यावर. खडी बघा. आणि या वेळी तोंड फिरवू नका."

म्हणून तो रविवारी तिथे असतो. इतर दिवशी चौकशीसाठी कचेरीत हजेरीला बसावं लागतं, सुटी एवढीच. वळणरस्ता अकरा किलोमीटरचा आहे, दोन्ही कडा धरल्या तर बावीस. काजवा आजवर एका कडेने पावणेदोन किलोमीटर आला आहे. डब्यात खिळे आहेत, नट आहेत, कुठल्याशा सायकलची साखळी आहे. गेल्या सोमवारपासून दुसऱ्या टोकाकडून कडांवर डांबर टाकायला सुरुवात झाली आहे. दिवसाला शंभर मीटर टाकतात.